पावती ज्याच्याकडे, जोखीम त्याची

समजा, सुरतच्या लिंबायतमधला एक मुलगा आणि नाशिकचा एक मुलगा यांनी आपापल्या प्लेस्टेशनच्या डिस्क बदलायचं ठरवलं. याचा गेम खेळून झालाय, त्याचाही झालाय. नवी डिस्क घ्यायची तर चार-पाच हजार जातात. कुरिअरने बदलली तर शंभर रुपयांच्या आसपास काम होतं. दोघांनी एकाच दिवशी पार्सल सोडलं. नाशिकचं सुरतेत पोचलं. सुरतचं नाशकात पोचलंच नाही. ट्रॅकिंगवर भिवंडी दिसते आणि पुढे काही हलत नाही. लिंबायतचा म्हणतो, "भाऊ, मी तर पाठवलं, ही बघ पावती." नाशिकचा म्हणतो, "पावतीवर काय गेम खेळू?"

नाशिकचा बरोबर आहे. पावती दाखवून कुणाची डिस्क फिटत नाही. पार्सल समोरच्याच्या हातात पडेपर्यंत पाठवणाऱ्याचं काम संपलेलं नसतं.

कायदा मात्र नाशिकच्या मुलासाठी आपण होऊन उभा राहत नाही, आणि हे या पोरांना कुणी सांगत नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम ३९ वाचा. विकणाऱ्याने ठरल्याप्रमाणे माल वाहतूकदाराच्या हाती दिला, की प्रथमदर्शनी तो घेणाऱ्यालाच दिला असं धरलं जातं. अदलाबदलीत काय? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १२० सांगतं, की देतो त्या वस्तूपुरता प्रत्येक जण विक्रेता आणि घेतो त्या वस्तूपुरता खरेदीदार. ही दोन कलमं जोडून वाचली तर नाशिकच्या मुलाची स्वतःची डिस्क गेली, येणारी हरवली, आणि दाद मागायची कुरिअरकडे. त्या कुरिअरची पावती कुठे? लिंबायतला, दुसऱ्याच्या खिशात.

कापडाच्या गाठी मागवणाऱ्या अडत्याला हा नियम परवडतो. त्याचा माल विमा उतरवून निघतो, बिल्टी त्याच्याकडे येते, वकील फोनवर असतो. बारावीतल्या पोराला तो परवडत नाही. पण मालविक्री कायद्याचं कलम २६ 'वेगळं ठरलं नसेल तर' अशा अटीनेच सुरू होतं. मग वेगळं ठरवा. पार्सल सोडायच्या आधी व्हॉट्सॲपवर एक ओळ दोघांनी एकमेकांना लिहा: माझं पार्सल तुझ्या हातात पडेपर्यंत जोखीम माझी. हरवलं तर तुझी डिस्क परत, किंवा ठरलेली किंमत. एवढंच. ही ओळ लिहायला जो कां-कूं करतो त्याच्याशी सौदा करू नका.

जोखीम पाठवणाऱ्याचीच का? कारण सगळे निर्णय त्याचे असतात. कुरिअर त्याने निवडलं, पॅकिंग त्याने केलं, पत्ता त्याने लिहिला, किंमत जाहीर करायची की शंभर रुपये वाचवायचे हेही त्यानेच ठरवलं. २००७ चा रस्तामार्गे मालवाहतुकीचा कायदा कुरिअर एजन्सीलाही लागू आहे, आणि त्यात वाहतूकदाराची जबाबदारी माल पाठवणाऱ्याशी बांधलेली आहे. पाठवणारा ढिम्म बसला तर घेणारा ग्राहक आयोगाच्या पायऱ्या चढू शकतो, पण कागदाशिवाय तो तिथे किती वेळ टिकेल?

आता कुरिअरवाल्यांकडे वळतो, कारण खरा राग तिथे आहे. ते पैसे वजनावर घेतात. शंभर-दीडशे ग्रॅमचं पाकीट, मग आत लग्नपत्रिका असो की चार हजारांची डिस्क, दर तोच. हरवलं की जबाबदारीही वजनाइतकीच हलकी. २००७ च्या कायद्याखालच्या नियमांनुसार वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत. ऐंशी रुपये भाडं दिलंत तर आठशे मिळतील, डिस्क तीन हजारांची का असेना. त्यापेक्षा जास्त हवं असेल तर किंमत जाहीर करून वरचा जोखीम-दर भरावा लागतो. हा दर असतो हे काउंटरवरचा माणूस स्वतःहून सांगत नाही. मी तर म्हणतो, प्रत्येक काउंटरवर पहिला प्रश्न 'वजन किती' याऐवजी 'किंमत किती' असायला हवा आणि तो विचारणं बंधनकारक हवं.

पावतीच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत ज्या अटी असतात त्या शोभेच्या नसतात. तिरुपूरच्या भारती निटिंग कंपनीने जर्मनीला पाठवलेलं पाकीट पोचलंच नाही. कंपनीने लाखोंची भरपाई मागितली, राज्य आयोगाने दिलीही. प्रकरण डीएचएलविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९६ मध्ये निकाल लागला: पावतीवर सही आहे, पावतीवर शंभर डॉलरची मर्यादा आहे, तर शंभर डॉलर. तिथे सही होती हे मात्र लक्षात ठेवा. अटी दाखवल्या नाहीत, सही घेतली नाही, अशा प्रकरणांत ग्राहक आयोगांनी कुरिअरला त्या छापील मर्यादेमागे लपू दिलेलं नाही. म्हणून वाचल्याशिवाय सही करू नका. आणि सही न मागता कोरी पावती हातात दिली, तर तिचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा.

सुरतेला हे सगळं बाहेरून शिकायची गरजच नव्हती. महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारातून मुंबईला हिऱ्यांची पाकिटं नेणारा आंगडिया दर ठरवतो तो किमतीवर. किंमत सांगितली जाते, त्या किमतीवर त्याचा मोबदला ठरतो, म्हणून जबाबदारीही त्या किमतीचीच असते. त्याच बाजारात माल पसंतीला दिला जातो तो जांगडच्या चिठ्ठीवर: काय दिलं, किती वजनाचं, कोणी घेतलं, खाली सही. त्याही आधी, सुरतेहून गलबतं सुटत तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर जोखमी हुंडी चाले. माल सुखरूप पोचला तरच हुंडीचे पैसे द्यायचे, बुडाला तर हुंडीही बुडाली. जोखीम कोणाची, हे गलबत सुटायच्या आधी कागदावर असे. ज्या शहराने हा व्यवहार पिढ्यानपिढ्या केला, त्याच शहरात पोरं 'बघू रे, पोचेल' म्हणून पार्सल सोडतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

लिंबायत, उधना, डिंडोलीतल्या आपल्या खानदेशी घरांची आणखी एक सवय आहे. धुळ्या-जळगावला काही पाठवायचं तर रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या क्लीनरच्या हातात द्यायचं आणि तिकडे भावाला फोन करायचा, 'सकाळी स्टँडवर ये.' लोणच्याची बरणी अशी जरूर पाठवा. दुसऱ्याच्या मालकीची होणारी वस्तू अशी पाठवू नका. ना पावती, ना नंबर, ना वजन. ती हरवली तर भांडायलाही कोणी उरत नाही.

पोस्टाचं काय? स्पीड पोस्ट १ ऑगस्ट १९८६ ला सुरू झालं, आणि २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट त्यातच विलीन झालं. पाकीट गहाळ झालं तर पोस्ट देणार भाड्याच्या दुप्पट किंवा एक हजार रुपये, यांतलं जे कमी असेल ते. सत्तर रुपयांच्या भाड्यावर एकशे चाळीस. जुन्या १८९८ च्या कायद्याने पोस्टाला जबाबदारीतून सोडलं होतं. १८ जून २०२४ ला अमलात आलेल्या नव्या पोस्ट ऑफिस कायद्यानेही, नियमांत सांगितलेली जबाबदारी सोडली तर, पोस्टाला मोकळंच ठेवलं. सव्वाशे वर्षांनी कायदा बदलायचा आणि नागरिकाच्या हरवलेल्या पाकिटाची किंमत होती तिथेच ठेवायची, हे मला मान्य नाही. तरीही डिस्कसाठी मी पोस्टच सुचवेन. तिथे विमा उतरवता येतो, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून पाच रुपये अधिक जीएसटी भरून ओटीपी सांगितल्यावरच पाकीट हातात देण्याची सोय झाली आहे. हे पाच रुपये अर्धी भांडणं मिटवतील. 'मिळालं' आणि 'मिळालंच नाही' या दोन दाव्यांत खोटं कोण बोलतंय, हे मग शोधत बसावं लागत नाही. विद्यार्थ्यांना स्पीड पोस्टच्या दरात दहा टक्के सूटही आहे. मागून घ्या.

बरीच पार्सलं हरवतात ती पत्त्यामुळे. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, आणि तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतात नाटकं लिहिणारे आपले मराठी गृहस्थ. एकाच नावाची गावं, वेगवेगळ्या भाषा आणि न कळणारं अक्षर यांतून पत्र वाट काढेल, म्हणून ते सहा आकडे आले. सुरत शहर ३९५ ने सुरू होतं, पण उधना, पांडेसरा ३९४ मध्ये येतात. अंदाजाने '३९५००१' लिहिणाऱ्यांचं पाकीट नानपुऱ्यात जाऊन बसतं. एकाच नावाच्या दोन सोसायट्या जवळजवळ असतील तिथे प्लॉट नंबर आणि चालू असलेला मोबाइल नंबर लिहाच. २०२५ मध्ये पोस्टाने आणलेला दहा अक्षरी डिजिपिन साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनापर्यंत जागा दाखवतो. तोही समोरच्याकडून मागून घ्या. आणि पाकिटाच्या आत दोन्ही पत्त्यांची एक चिठ्ठी टाका. वरचा कागद फाटला तर पोस्टाचं रिटर्न्ड लेटर ऑफिस पाकीट उघडून आत पत्ता शोधतं. आत काहीच नसेल तर त्यांनी तरी काय करायचं?

एवढं करूनही हरवलं, तर पहिला फोन पाठवणाऱ्याने करायचा. समोरच्याने विचारायची वाट बघायची नाही. 'डिलिव्हर्ड' दिसतंय पण मिळालेलं नाही, असं असेल तर पीओडी, म्हणजे पोच झाल्याचा पुरावा, मागा. सही कोणाची आहे ते बघा, शेजारी, वॉचमन, कोपऱ्यावरचं दुकान विचारा. अनेक पाकिटं तिथेच सापडतात. ट्रॅकिंग हलतच नसेल तर तोंडी तक्रारीवर थांबू नका, लेखी द्या आणि तक्रार नंबर समोरच्याला पाठवा. २००७ च्या कायद्यात दाव्याआधीची नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांत द्यावी लागते, आणि एक मोठा आधार आहे: वाहतूकदाराचा निष्काळजीपणा तुम्हाला सिद्ध करावा लागत नाही. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुढे जिल्हा ग्राहक आयोग, जिथे पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला फी नाही. डबा आला पण आत डिस्कच नाही, हा प्रकार वेगळा. त्यासाठी बुकिंगच्या पावतीवरचं वजन आणि डबा उघडतानाचा सलग, काटछाट न केलेला व्हिडिओ, हे दोन पुरावे हवेत. वाहतूकदाराने विश्वासघात करून माल लाटला हे सिद्ध झालं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. पोलिसांत जायला लाजू नका.

आईबापांना एक सांगायचं आहे. यातली निम्मी पोरं अठराच्या आतली असतात आणि अल्पवयीनाचा करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहरीबीबीच्या खटल्यात सांगून ठेवलंय. म्हणजे वर मी सुचवलेली ती व्हॉट्सॲपची ओळ कोर्टात त्यांच्या कामाची नाही. 'व्हिडिओ गेमच तर आहे' म्हणून हात झटकू नका. महिनोन्महिने साठवलेले पैसे आहेत ते. सौदा करताना दोन्ही घरच्या मोठ्यांनी एकमेकांशी दोन मिनिटं बोला, नंबर घ्या, आणि भरपाई द्यायची वेळ आली तर तुमच्या पोराच्या वतीने तुम्ही द्या.

किती दिवस वाट बघायची, हेही आधीच ठरवा. मी पंधरा दिवस म्हणेन. त्यानंतर पार्सल हरवलं असं धरायचं आणि पाठवणाऱ्याने किंमत चुकती करायची. कंपनीकडून पुढे जे मिळेल ते त्याचं. आणि महिन्याने ते पार्सल भिवंडीहून फिरून सुरतेतच परत आलं तर? असं होतं. त्या दिवशी पाठवणाऱ्याने ते ठेवून घेऊन गप्प बसायचं नाही. फोन करायचा, डिस्क हवी की दिलेले पैसेच ठेवतोस, हे विचारायचं, आणि समोरचा डिस्क म्हणाला तर त्याने पैसे परत करायचे, आपण डिस्क पुन्हा पाठवायची. या वेळी ओटीपीने.