बाहुली म्हणायचं नाही

वहिनीचा फोन आला. "वन्सं, रविवारी मुलीकडचे येताहेत. तुमच्या भाच्याला तेवढं सांगा, ती बाहुल्यांची कपाटं झाकून ठेव म्हणावं. आमचं तो ऐकत नाही."

म्हणून भर पावसात डोंबिवली गाठली. भाच्याच्या खोलीत पाऊल टाकलं आणि पहिल्याच वाक्याला घोटाळा केला. म्हटलं, "अगंबाई, किती रे या बाहुल्या!" वय एकतीस, नोकरी कायम, डोक्यावर गृहकर्ज. असा माणूस दुखावला की सहा वर्षांच्या पोरासारखा दिसतो.

"आत्या, बाहुल्या नाहीत त्या. ॲक्शन फिगर्स."

फरक काय, असं अशा वेळी विचारायचं नसतं. मी विचारलं. दोन तास गेले.

फरक असा, की फरक काहीच नाही. १९६४ साली अमेरिकेत हॅस्ब्रो कंपनीने 'जी. आय. जो' नावाचा शिपाई बाजारात आणला. उंची फूटभर, हातपाय वाकणारे, कपडे बदलता येणारे, बूट वेगळे, टोपी वेगळी. पाच वर्षं आधी आलेली बार्बी करायची तेच हाही करायचा. पण लेकाला बाहुली घेऊन देणारा बाप अमेरिकेत सापडणार कुठून? मग कंपनीने ठरवलं, 'बाहुली' हा शब्दच उच्चारायचा नाही. म्हणायचं 'ॲक्शन फिगर'. पोराला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. शब्द घडवला तो पाकीट काढणाऱ्या बापासाठी. साठ वर्षांनी पाकीट पोराच्याच खिशात आलं, तरी शब्द तोच पुरतो आहे.

माझ्या आजीची लाकडी ठकी होती. तिला ना सांधे, ना कपडे. तिला कोणी ॲक्शन फिगर म्हटलं असतं, तर आजीने काय ॲक्शन घेतली असती हे मी जाणून आहे.

पण खरी गंमत पुढे आहे, कोर्टात. टॉय बिझ नावाची कंपनी चीनमधून एक्स-मेनची आणि तसल्याच इतर कॉमिकांतली मंडळी आयात करायची. अमेरिकेच्या कस्टमच्या वहीत तेव्हा दोन खाती होती: बाहुली असेल तर १२ टक्के कर, इतर खेळणं असेल तर ६.८ टक्के. आणि बाहुली कोणती? जी माणसाची प्रतिकृती असते ती. कस्टमवाले म्हणाले, दोन हात, दोन पाय, एक डोकं. काढा १२ टक्के. कंपनी म्हणाली, छे, माणसं कुठली ही!

आता एक्स-मेन ज्यांना ठाऊक आहेत त्यांनी क्षणभर थांबावं. कॉमिक असो की चित्रपट, या बापड्यांचं एकच गाऱ्हाणं असतं: आम्ही वेगळे असू, पण आम्हालाही माणसांत घ्या. त्यासाठी ते पूल पाडतात, रडतात, मरतात, पुढच्या भागात परत येतात. आणि ज्या घरात ते वाढले त्याच घरची कंपनी (टॉय बिझ आणि एक्स-मेनची कॉमिक्स काढणारी मार्व्हल १९९८ पासून एकाच छपराखाली होत्या) वकील देऊन सांगते, मायबाप सरकार, ही माणसं नव्हेत. कशासाठी? ५.२ टक्क्यांसाठी. 'हे आपल्याला माणसांत घेणार नाहीत' असं त्यांच्या गोष्टीतला खलनायक मॅग्नेटो इतकी वर्षं जे ओरडून सांगत होता ते कस्टमच्या पावतीवर सिद्ध झालं.

न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयात न्यायमूर्ती ज्युडिथ बार्झिले यांनी ही मंडळी एकेक करून तपासली. जानेवारी २००३ मध्ये निकाल लागला: माणसं नाहीत, सबब बाहुल्या नाहीत, सबब खेळणी. पंजे, शेपट्या, यांत्रिक हातपाय असलेल्यांचं ठीक होतं. वुल्व्हरीनच्या मुठीतून नखं निघतात, त्याच्याबद्दल कोण भांडणार? अडलं किंगपिनपाशी. किंगपिन म्हणजे निव्वळ एक अवाढव्य गृहस्थ, अंगात सूट, हातात काठी. कथेत त्याला कुठलीही दैवी शक्ती नाही. तरी त्याची ताकद अचाट आहे, या मुद्द्यावर तोही माणसांतून बाद झाला. आणि हे सगळं ठरेपर्यंत अमेरिकेने दोन्ही खात्यांवरचा कर केव्हाच उठवला होता! भांडण उरलं होतं ते जुन्या पावत्यांच्या परताव्याचं. आपल्याकडे जमिनीच्या दाव्यात असं होतं. आजोबांनी लावलेला दावा नातू जिंकतो तेव्हा तिथून रस्ता गेलेला असतो.

"मग तुझे हे कोण?" मी विचारलं. "माणसं, बाहुल्या की खेळणी?"

"खेळणी नाहीत," तो घाईने म्हणाला. "कलेक्टिबल्स." खोक्यावर छापलेलं दाखवलं: १५ वर्षांवरील व्यक्तींसाठी. म्हणजे बाहुली म्हणालात तर राग, खेळणं म्हणालात तर अपमान. बढती मिळत मिळत खेळणं इतकं वर पोचलं, की त्याच्याशी आता कोणी खेळत नाही.

खेळत नाहीत, मग करतात काय? वाद घालतात. आणि वाद, हे मला कबूल केलं पाहिजे, अगदी आपल्या वळणाचा आहे. पहिला मुद्दा डोळ्यांचा. हाँगकाँगची हॉट टॉइज कंपनी नटांचे फूटभर उंचीचे, अस्सल वाटणारे पुतळे करते. तिच्या 'द डार्क नाइट'मधल्या जोकरच्या पुतळ्यात, डोक्याच्या आत यंत्रणा बसवून, बुबुळं फिरवायची सोय होती. सहा इंची स्वस्तातल्या फिगरचे चेहरे पूर्वी असे रंगवलेले असत, की आयर्न मॅनच्या मुखवट्याआडून शेजारच्या गल्लीतला इस्त्रीवाला बघतोय असं वाटायचं. गेल्या काही वर्षांत चेहरे डिजिटल छपाईने उमटवतात, म्हणून नट ओळखू येतो. तरी भाच्याचं म्हणणं, डावा डोळा किंचित वर गेलाय. मला पेणची आठवण झाली. गणपतीच्या कारखान्यात माझे वडील पाऊण तास उभे राहून हेच म्हणायचे: बाकी सगळं छान, आखणी जमली नाही. फरक एवढाच, की ते दहा दिवसांनी विसर्जन करून मोकळे व्हायचे.

दुसरा मुद्दा मापाचा. डीसी कॉमिक्सच्या वीरांचा परवाना २०२०च्या सुमारास मॅटेल कंपनीकडून मॅकफार्लेन कंपनीकडे गेला आणि सहा इंची बॅटमॅन सात इंची झाला. एक इंच! या एका इंचाने किती कपाटं विस्कटली, किती मित्र तुटले, ते तो डोळ्यांत पाणी आणून सांगत होता. आम्ही दिवाळीच्या किल्ल्यावर महाराजांना बुरुजापेक्षा उंच बसवलं, पायथ्याशी मावळ्याएवढी कोंबडी ठेवली, आणि कुणाचं काही बिघडलं नाही. पण आमचा किल्ला शेणामातीचा होता. हा ईएमआयवर उभा आहे.

चित्रपटाशी इमान हा तिसरा मुद्दा, आणि त्यात कंपन्यांचीच फजिती. साचे चित्रपट पुरा होण्याच्या कितीतरी आधी करावे लागतात. 'इन्फिनिटी वॉर'मध्ये हल्क चिलखत फोडून बाहेर येतो तो प्रसंग चित्रपटातून गळला; खेळणं मात्र दुकानात हजर. कधी उलटही होतं. 'एज ऑफ अल्ट्रॉन'मध्ये विमानातून मोटारसायकलवर झेप घेते ती ब्लॅक विडो. २०१५ साली त्या झेपेचं खेळणं आलं तेव्हा मोटारसायकलवर बसला होता कॅप्टन अमेरिका. झेप तिची, फटफटी तिची, खोक्यावर फोटो त्याचा. 'आयर्न मॅन ३'चे दिग्दर्शक शेन ब्लॅक यांनी नंतर सांगितलं, की त्यातला मुख्य खलनायक बाई असणार होती. तिची खेळणी खपणार नाहीत म्हणून तो पुरुष झाला. १९६४ मध्ये पोरांनी बाहुली खेळू नये म्हणून शब्द बदलला, पुढे बाईची बाहुली नको म्हणून गोष्टच बदलली. खलनायिका व्हायलासुद्धा बाईला पुतळा खपवून दाखवावा लागतो.

आता मोल. इथे मी नम्रपणे बसून घेतलं. फूटभर उंचीचा एक वीर अडीच-तीनशे डॉलरच्या घरात. त्यावर जहाज, त्यावर कस्टम. आपल्या सरकारने खेळण्यांवरचा आयात कर २०२० मध्ये २०वरून ६० टक्के केला, २०२३ मध्ये ७०. इथे बाहुली की खेळणं हा वाद करायची सोयच नाही. दोघांचं एकच खातं. न्यूयॉर्कच्या न्यायमूर्तींनी महिनोन्महिने कीस काढला त्याचा आपण एका ओळीत निकाल लावला: सगळ्यांनी भरा.

इतकं भरून आणलेली वस्तू उघडायची नाही. कारण उघडली की भाव उतरतो. भाव खोक्याला. यात नवल नाही. १९७७च्या नाताळात 'स्टार वॉर्स'च्या बाहुल्या वेळेत तयार झाल्या नाहीत, तेव्हा केनर कंपनीने चक्क रिकामं पाकीट विकलं होतं, आत एक पुठ्ठा आणि बाहुल्या पुढच्या वर्षी टपालाने येतील असं वचन. लोकांनी घेतलं. अमेरिकेत तर अशा वस्तूंना शंभरपैकी गुण देणारी संस्था आहे. पुठ्ठ्याला वेगळे, वरच्या प्लास्टिकच्या फुग्याला वेगळे, आतल्या वीराला वेगळे, आणि सगळं ॲक्रिलिकच्या पेटीत बंद. भाच्याच्या एका खोक्याला ८५ मिळालेत. आमच्या वहिनीने दहावीच्या निकालाला ८५ टक्क्यांवर दोन दिवस स्वयंपाक केला नव्हता. हे ८५ त्याने भिंतीवर मिरवलेत.

पण पावसाळा. पावसाळ्याशी कोण लढणार? एका वीराच्या जाकिटाला मी बोट टेकवलं आणि खवला हातात आला. कृत्रिम कातडं म्हणजे कापडावर दिलेला पॉलियुरेथेनचा थर. दमट हवेतलं पाणी त्याच्या साखळ्या तोडत राहतं. वापरा, नाहीतर वापरू नका, तडे जाणारच. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून घातलेलं द्रव्यही हळूहळू वर झिरपतं आणि अंग चिकट होतं. बंद खोक्यात तर अधिकच. थानोस, लोकी, अल्ट्रॉन या खलनायकांना जे जमलं नाही ते डोंबिवलीचा जुलै फुकटात करतो. कपाटाच्या प्रत्येक फळीवर सिलिका जेलच्या पुड्या होत्या, पापडाच्या डब्यात असतात तशा. वहिनीच्या पापडाच्या डब्यात मात्र त्या नव्हत्या. चोर सापडला.

"तुझा जुना जी. आय. जो कुठे रे?" मी विचारलं. लहानपणी दादाने आणून दिला होता. फनस्कूल कंपनीचा, आपल्या गोव्याच्या कारखान्यातला. त्या भारतीय शिपायांचे रंग कधी कधी असे काही जमून जायचे, की मूळच्या अमेरिकन शिपायाने त्यांना ओळखलं नसतं. आज नेमक्या त्या चुकलेल्या रंगांसाठी परदेशातले संग्राहक ते हुडकत असतात.

तो बराच वेळ गप्प होता. "त्याचा पाय मी तोडला होता," म्हणाला. "गॅलरीतून उडी मारायला लावली होती. पॅराशूट म्हणून आईचा रुमाल होता."

त्या दोन तासांत एवढं एकच वाक्य तो भावाचा आकडा न सांगता बोलला.

कपाट झाकायचं की नाही यावर आमचा तह होत होता. फूटभर उंचीचे आत, सहा इंची बाहेर, जोकर कोणत्याही परिस्थितीत पडद्याआड. तेवढ्यात दादा दारात येऊन उभा राहिला. रविवारची रंगीत तालीम. निवृत्तीच्या समारंभासाठी शिवलेला पांढुरका सूट, पोटावर जिवावर उदार झालेलं एक बटण, टक्कल चकचकीत, आणि बाहेर पडायचं म्हणून हातात लांब दांड्याची छत्री. दारातला उजेड सगळा बंद झाला.

"काय गं," त्याने मला विचारलं, "माणसांत दिसतोय ना?"

भाच्याने माझ्याकडे बघितलं. मी भाच्याकडे.

"सहा पूर्णांक आठ टक्के," तो पुटपुटला.