पुढची तारीख

आजोळच्या ओटीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आहे. तिच्यापुढे रात्रंदिवस जळणारा लाल बल्ब, आणि शेजारी, धाकट्या भावाने मोठ्याच्या बाजूला अदबीने उभं राहावं तसं, कालनिर्णय. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या बऱ्याच ख्रिस्ती घरांत ही जोडी दिसेल. तसबीर अनंतकाळाचं पाहते, कालनिर्णय दूधवाल्याचं. मामा या कालनिर्णयावर दोन प्रकारच्या खुणा करतात. बांधाच्या दाव्याची तारीख निळ्या पेनाने आणि जगाच्या अंताची तारीख शिसपेन्सिलीने. असा भेद का, असं मी एकदा विचारलं. "अंताचं पुढेमागे होऊ शकतं," मामा गंभीरपणे म्हणाले. खरं तर गेल्या बावीस वर्षांत पुढेमागे झाली आहे ती कोर्टाचीच तारीख. शेजारच्या वाडीने बांध दीड हात आत सरकवला, एवढाच दावा. पण मामांच्या मनात अंतिम न्याय आणि दिवाणी न्याय असे दोन न्याय शेजारीशेजारी नांदतात, आणि पहिला आधी लागला तर दुसऱ्याचं काय होईल ही हुरहुर त्यांना अधूनमधून लागते.

मामा उदास स्वभावाचे आहेत असं समजू नका. राजेळी केळी उन्हात वाळवून सुकेळी करावीत तर त्यांनीच. प्रत्येक केळं ते तान्ह्या मुलाला कुशीवर वळवावं तसं वळवतात. फक्त त्यांच्या कानाशी सतत एक लांबचा कर्णा वाजत असतो. पूर्वी तो कुणीतरी चर्चच्या दारात हातात कोंबलेल्या पत्रकांतून वाजे, आता मोबाइलमधून वाजतो. मध्यंतरी त्यांना कळलं की बिस्किटांच्या पुड्यावरच्या काळ्या रेघांत श्वापदाचा आकडा दडलेला असतो. मग काही महिने आजोळी चहाबरोबर येणाऱ्या प्रत्येक पुड्यावर त्या जागी निळ्या शाईचा गिरगटा असे. एकदा किराणाचं बिल नेमकं सहाशे सहासष्ट झालं. मामा थबकले, दुकानदाराकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाले, "एक काडेपेटी टाक." प्रकटीकरणाच्या पुस्तकातलं सात शिंगांचं कोकरू आणि दहा शिंगांचा पशू यांच्यातला तो घोर संग्राम त्या दिवशी एका काडेपेटीवर निभावला.

हे सगळं त्यांनी आजीकडूनच घेतलं होतं, असा मामांचा दावा असे. तो अर्धाच खरा. आजीच्या ट्रंकेत, लग्नाच्या साडीच्या घडीत, मधमाशीच्या मेणाच्या तीन मेणबत्त्या होत्या. तीन दिवस पृथ्वीवर काळोख पडेल, त्यात दुसरा कुठलाही दिवा पेटणार नाही, आशीर्वादित मेणाची वातच तेवढी जळेल, दारंखिडक्या लावून घरात प्रार्थना करत बसायचं आणि कुणीही हाक मारली तरी दार उघडायचं नाही, असं एक भाकीत आना मारिया तायजी या बाईच्या नावावर सांगतात. बाई रोमची, घरकाम करणारी, सात लेकरांची आई. १८३७ साली वारली आणि १९२० साली तिला धन्यवादित घोषित केलं गेलं. चर्चने हे भाकीत कधी श्रद्धेचा भाग मानलं नाही. पण सात लेकरांची आई म्हटल्यावर आजीला तिच्याविषयी जावेसारखी आपुलकी वाटे. "सात पोरं वाढवलेली बाई उगाच काही बोलणार नाही," ती म्हणे.

मेणबत्त्यांना आशीर्वाद मिळतो तो २ फेब्रुवारीच्या सणाला. आजीच्या मेणबत्त्या १९६२ च्या होत्या. त्या वर्षी सणाच्या दुसऱ्याच दिवसापासून अष्टग्रही लागणार होती. मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार, जग बुडणार, म्हणून देशभर यज्ञ चालले होते. आजी सांगे, त्या सकाळी चर्चमध्ये मेणबत्त्यांची गर्दी झाली. फादरांनी लॅटिनमध्ये आशीर्वाद दिला, जो कुणालाच कळला नाही आणि म्हणून सगळ्यांना भरवशाचा वाटला. वाटेत शेजारच्या आळीतल्या हिंदू बायांनी तिला थांबवून विचारलं, तुमच्या मेणबत्त्या आमच्या ग्रहांना चालतील का. आजीने दोन देऊन टाकल्या. पाचातल्या तीन उरल्या. जग काही बुडालं नाही. मात्र त्याच ऑक्टोबरात रोमला धर्मसभा भरली आणि थोड्याच वर्षांत लॅटिन मिस्सा बुडाली. ग्रहांनी उगाच मकर राशीपर्यंत पायपीट केली, असं मला कधीकधी वाटतं.

आजीची मेणबत्त्यांवरची श्रद्धा म्हणजे मृगाच्या किड्यावर असते तशी, ऋतूतली गोष्ट होती. आमच्या चर्चचं वर्षच मुळी तसं आखलेलं आहे. दर नोव्हेंबरात, भाताची कापणी आटोपत आलेली असते तेव्हा, रविवारच्या वाचनांत सूर्य काळवंडतो, तारे गळू लागतात, मंदिराचा दगडावर दगड राहत नाही. पुढच्या रविवारी ख्रिस्तराजाचा सण. त्याच्या पुढच्या रविवारी आगमनकाळाची पहिली मेणबत्ती. अंत होतो आणि आठवड्याभरात नाताळच्या केकसाठी मनुका भिजत पडतात. लहानपणी मला वाटे की जगाचा अंत म्हणजे दिवाळीनंतर आणि फराळाचे डबे रिकामे झाल्यावर दरसाल येणारं काहीतरी, थोड्या थंडीसारखं.

आणि रोज रात्रीची माळ होतीच. माळेत त्रेपन्न वेळा नमो मरिया येते, आणि दर वेळी त्या माउलीला दोन वेळांसाठी विनवायचं असतं, आत्ताच्या आणि मरणाच्या. म्हणजे आजी रोज त्रेपन्न वेळा आपलं मरण उच्चारत होती, आणि मध्येच, मणी न सोडता, मामीला खुणेने दूध उतू चाललंय असं सांगत होती. तिला सवड होती ती या दोनच वेळांपुरती. मधला सगळा काळ, काय होईल, कधी होईल, कोण निवडून येईल, कुठे युद्ध पेटेल, हा तिने मामांना देऊन टाकला होता, जशी नको असलेली जमीन धाकट्याच्या नावावर करतात.

एकदा मामांनी फादरांना गाठून सरळच विचारलं. फादर म्हणाले, थेस्सलनीकाच्या लोकांनाही असंच वाटू लागलं होतं. काहींनी कामधंदाच टाकला, तेव्हा पौलाने त्यांना लिहिलं की काम न करणाऱ्याने जेवूही नये. मामा दुखावले. "मी काम कुठे टाकलंय?" खरंच टाकलं नव्हतं. पहाटे पाचला ते वाडीत, साडेसहाला मिस्सेला, आठला पुन्हा वाडीत. त्यांच्या काळजीची गंमत हीच की ती त्यांच्या हातापायांपर्यंत कधी पोचलीच नाही.

जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी भरलं. बावखलं, विहिरी, रस्ते, शेतं असा भेदच उरला नाही. सगळीकडे एकच मातकट तळं. वीज गेली ती आमच्याकडे दोन रात्री आलीच नाही. दुसऱ्या संध्याकाळी बॅटरीचे सेल संपले, मोबाइल मेले, बाजारच्या मेणबत्त्या विझल्या. आजीने ट्रंक उघडली. छप्पन्न वर्षांचं मेण, गुळाच्या रंगाचं. पहिली वात पेटली तेव्हा घरभर मधाचा आणि जुन्या साडीचा वास पसरला. मामांनी हळूच खिडक्या तपासल्या, लागलेल्या होत्या. आम्ही माळ सुरू केली. तिसऱ्या रहस्याला दारावर थाप पडली.

बाहेर शेजारच्या वाडीतले काका होते. बांधवाले. कमरेएवढ्या पाण्यातून म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन आले होते. मामा दारापाशी गेले आणि तिथेच घुटमळले.

"आई, तीन दिवस दार उघडायचं नसतं."

"तो काळोख वेगळा," आजी म्हणाली. "हा लाइटीचा आहे. उघड."

दोन्ही म्हाताऱ्या रात्रभर एका खाटेवर, एका मेणबत्तीच्या उजेडात, कुणाची सून कशी निघाली हे बोलत बसल्या. मामा आणि काका ओटीवर बसून पाण्याकडे पाहत होते. बांध पाण्याखाली होता, कुणाचा कुठवर हे त्या रात्री खुद्द अंतिम न्यायाधीशालाही सांगता आलं नसतं. पाणी ओसरलं, बांध पुन्हा वर आला, दावा चालू राहिला. मेणबत्त्यांतली एक सबंध जळाली, दुसरी काकांच्या घरी गेली.

तिसरी आजीच्या उशाशी लावली, पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात, आगमनकाळाच्या पहिल्याच आठवड्यात. अर्धी जळेपर्यंत आजी गेली. उरलेला तुकडा आईने आणला. तिच्या शिवणयंत्राच्या खणात तो आहे. दोऱ्याला मेण ओढायला बरा पडतो.

आजी गेली आणि तीन-चार महिन्यांतच चर्चची दारं बंद झाली. आता मामा सांगून सांगून थकणार, असं आम्हांला वाटलं. २७ मार्च २०२० च्या रात्री आम्ही टीव्हीपुढे बसलो होतो. रोममध्ये पाऊस पडत होता आणि त्या भल्यामोठ्या रिकाम्या चौकातून पोप फ्रान्सिस एकटेच चालत येत होते. कर्णा वाजायला याहून चांगली वेळ नव्हती. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाचे पाय भिजले असतील रे."

मामांकडे पोपांची एक यादीही होती. बाराव्या शतकातल्या आयर्लंडच्या संत मॅलकींच्या नावावर चालणारी, पण छापून आली ती १५९५ साली. अभ्यासक तिला बनावट मानतात. तीत एकशेबारा पोप आहेत आणि शेवटच्यानंतर सगळंच शेवटचं. मामांच्या मोजणीने एकशेबारावे म्हणजे फ्रान्सिस. २१ एप्रिल २०२५ रोजी, पुनरुत्थानाच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, ते गेले. मामांनी दोन दिवस नीट जेवण केलं नाही, यादीसाठी नव्हे. ८ मे रोजी पांढरा धूर निघाला आणि लिओ चौदावे सज्जात आले. मामांनी यादी काढली, पुढे जागा नव्हती म्हणून समासात नाव लिहिलं, आणि कागद पुन्हा घडी घालून बायबलात ठेवला.

परवा आजोळी गेलो तेव्हा कालनिर्णयाचं पान उलटून पाहिलं. पेन्सिलीची एकही खूण नव्हती. मामांना विचारलं तर म्हणाले, पेन्सिल सापडत नाही. बांधाच्या दाव्याची तारीख फेब्रुवारीत लागली आहे. ती पेनाने लिहिली आहे, आणि तिच्याखाली, त्याच निळ्या शाईत, काकांनाही रिक्षात घेणे.