एक छेद हजार

कबड्डीचे फोटो काढणं हे फोटोग्राफीतलं सगळ्यात सोपं काम, असं माझं ठाम मत होतं. क्रिकेटचं तसं नाही. तिथे फलंदाज पार सत्तर-ऐंशी मीटरवर आणि आपण दोरीबाहेर, म्हणजे तोफेएवढी लेन्स हवी. कबड्डीचं मैदान अवघं १३ बाय १० मीटर. दोन संघांचे मिळून चौदा गडी, जाऊन जाऊन जातील कुठे?

या भरात परळच्या आमच्या मंडळाच्या रात्रीच्या सामन्यांचे फोटो मी फुकट काढीन, असं सेक्रेटरीला सांगून टाकलं. फुकट म्हटल्यावर त्याने अनुभव विचारला नाही. गळ्यात बिल्ला अडकवला आणि एक थंड वडापाव हातात दिला.

अभ्यासात मी कच्चा नव्हतो. धावता माणूस गोठवायचा तर शटर १/१०००. रात्रीच्या उजेडात लेन्सचं तोंड उघडं हवं, म्हणजे एफ/२.८. आयएसओ ६४००. फोकस सतत गड्याच्या मागे धावणारा. हे सगळं मला पाठ होतं. फक्त कॅमेऱ्यासोबत फुकट आलेल्या माझ्या लेन्सला ते पाठ नव्हतं. झूम लांबवला की ती एफ/५.६ च्या पलीकडे उघडत नाही, म्हणजे उजेड थेट एक चतुर्थांश. पहिल्या सामन्याच्या पहिल्या फोटोंत लोडशेडिंगमधली कबड्डी दिसत होती.

आयएसओ आणखी चढवला. गडी दिसू लागले, पण अंगावर रवा थापल्यासारखे. शिवाय एका फोटोत मैदान लख्ख, दुसऱ्यात अंधारलेलं, तिसऱ्यात अर्धं पिवळं. मी डेकोरेटरच्या पोराला दिवे नीट लावायला सांगितलं. तो वर बघून म्हणाला, ‘‘काका, दिवे चालूच आहेत.’’ पोराचं बरोबर होतं. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं करते, त्यामुळे अशा दिव्यांचा उजेड सेकंदाला शंभर वेळा वर-खाली होतो. डोळ्याला ते कळत नाही, १/१००० ला बरोबर कळतं. यावर तोडगा म्हणून बऱ्याच कॅमेऱ्यांच्या मेनूत एक सोय असते. माझ्याही होती. ती बक्षीस समारंभानंतर सापडली.

मग मी ठरवलं, दर्जा जाऊ दे, संख्येने जिंकू. चढाईला मिळतात तीस सेकंद. चढाईपटूने मध्यरेषा ओलांडली रे ओलांडली की मी बोट दाबून धरायचो. खाड् खाड् खाड्! आजूबाजूची पोरं आदराने बघायची. चढाईपटू बिचारा नुसता अंदाज घेत डावीकडून उजवीकडे फिरत असायचा आणि मी त्या फिरण्याचा इंचाइंचाचा दस्तऐवज करायचो. तो निदान रेषेपलीकडे घुसायचा, पकड पडायची, मैदान उठून ओरडायचं, आणि नेमका तेव्हा कॅमेरा गप्प. पोट भरलेलं, आधीचे फोटो कार्डावर उतरवणं चालू, कोपऱ्यातला लाल दिवा लुकलुकतोय.

शेजारी आप्पा बसले होते, जुने खेळाडू. बराच वेळ त्यांनी सहन केलं. मग म्हणाले, ‘‘अहो, त्या डब्यात काय बघताय? पोराचा दम बघा. आवाज बारीक झाला, आता तो परतायची घाई करणार. आणि तो डाव्या कोपऱ्यातला बघा, गुडघ्यात वाकतोय. घोटा धरणार बघा.’’

‘‘कुठला डावा? आपला की त्यांचा?’’ मी विचारलं. तेवढ्यात घोटा धरून झाला होता.

आप्पांचं ऐकायचं सोडून मी जागा बदलली. खालून काढलेल्या फोटोत गडी उंच दिसतो, असं वाचलं होतं, म्हणून राखीव क्षेत्राच्या रेषेलगत पालथा पडलो. पुढच्याच चढाईत चार जणांनी एकाला उचलून बाहेर फेकला, तो माझ्यावर. त्या क्षणी बोट दाबलं गेलं, हे मी अभिमानाने सांगतो. पण माझ्या लेन्सला समोर मीटरभर तरी अंतर लागतं, आणि गुडघा नाकाला टेकला होता. पंचांनी शिट्टी वाजवून आधी गड्याची चौकशी केली, मग कॅमेऱ्याची.

दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो, तर सगळ्या पकडी पहिल्या बाजूला पडू लागल्या. तेव्हा मला शार्फमनचा आधार वाटला. १९६५ साली अमेरिकेतल्या लुइस्टन गावी मुहम्मद अलीने सनी लिस्टनला पहिल्याच फेरीत पाडलं. खाली पडलेल्यावर ओरडणाऱ्या अलीचा नील लायफरने काढलेला तो फोटो जगाने पाहिला. त्याच्या दिव्यांना पुन्हा चार्ज व्हायला वेळ लागायचा, म्हणजे हाताशी एकच क्लिक. त्याच फोटोत अलीच्या पायांच्या मधून पलीकडे एक टकलू फोटोग्राफर दिसतो. तो हर्ब शार्फमन, लायफरच्याच साप्ताहिकाचा अनुभवी माणूस. त्याच्या वाट्याला अलीची पाठ आली. एवढ्या मोठ्या माणसाचं असं झालं, तर माझं काय! फरक इतकाच, की शार्फमनची एका रात्री एक जागा चुकली. मी दर चढाईला चुकवत होतो.

रात्री फोटो तपासले. धूसर मांड्या, पंचांची पाठ, आणि मागे प्रत्येक फोटोत कमालीचं रेखीव असं काहीतरी. माझ्या फोकसला धावत्या माणसापेक्षा ठळक कडांची वस्तू आवडत होती. ती वस्तू म्हणजे मैदानामागचा बॅनर. हात जोडलेले प्रमुख देणगीदार, मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा असे.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीचा फोन आला. मी माफीची वाक्यं जुळवत होतो.

‘‘काका, भाऊंना फोटो पाठवले. जाम खूश आहेत. म्हणाले, मंडळाला पहिल्यांदा दृष्टी असलेला माणूस मिळालाय. वाढदिवसाला तुम्हालाच बोलावलंय.’’

मी लगेच हो म्हटलं. भाऊ वाढदिवसाला चार तास एकाच खुर्चीत बसतात. तिथे १/६० सुद्धा चालेल.