काकाजींचा कोल्हा

एखाद्या गोष्टीवर वऱ्हाडी माणसाचा खरा जीव आहे की नाही, हे त्याच्या तोंडच्या कौतुकावरून ठरवाल तर फसाल. कौतुक तो पाहुण्याचं करतो, पुढाऱ्याचं करतो, शेजाऱ्याने घेतलेल्या गाडीचंही करतो. शिव्या मात्र घरच्यांसाठी राखून ठेवलेल्या असतात. अमरावतीच्या गाडगेनगरात आमच्या शेजारी राहणारे काकाजी वीसेक वर्षांपासून फायरफॉक्स हा कोल्ह्याच्या चिन्हाचा ब्राउझर वापरत आहेत आणि त्यातली बरीचशी वर्षं त्याला शिव्या घालण्यात गेली आहेत. या काळात दुसरा एकही ब्राउझर त्यांच्या संगणकात रात्रभर मुक्कामाला राहिलेला नाही.

हा नमुना एकटा नव्हे. अकोल्याच्या जठारपेठेत एखादा निघेल, परतवाड्याला निघेल, मूर्तिजापूरला तर हमखास निघेल (ज्या गावाने शकुंतला रेल्वेची इतकी वाट पाहिली, तिथे निष्ठेचा तुटवडा असायचा नाही). वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. टेबलावर डेस्कटॉप, मॉनिटरवर धुतलेला टॉवेल झाकलेला, माऊसखाली जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा. मेनू मराठीतून, कारण फायरफॉक्स मराठीतूनही मिळतो आणि ते मराठी करणारी मंडळी हौसेने, बिनपगारी राबतात, हे काकाजी आल्यागेल्याला सांगतात. सकाळी चहा यायच्या आत माहितीची खिडकी उघडून रात्रीतून आवृत्तीचा आकडा बदलला का ते पाहायचं. बदलला नसेल तर, "झोपले वाटते लेकाचे." बदलला असेल तर, "पाहू द्या, आता काय बिघडवलं."

या प्रेमाची सुरुवात मात्र साधी नव्हती. फायरफॉक्सची १.० आवृत्ती ९ नोव्हेंबर २००४ रोजी आली. तोवर ब्राउझर म्हणजे इंटरनेट एक्स्प्लोररचा निळा 'ई', दुसरं काही असतं हेच कुणाला माहीत नव्हतं. राजकमल चौकाकडे नेट कॅफेत तासाचे पैसे मोजून बसायचं आणि त्यातला निम्मा वेळ नको त्या जाहिरातींच्या खिडक्या बंद करण्यात घालवायचा. नव्या ब्राउझरने त्या खिडक्या अडवल्या, आणि एकाच खिडकीत पाहिजे तितके टॅब उघडू दिले. मराठी वर्तमानपत्रांची तेव्हाची गोष्ट आणखी निराळी. प्रत्येकाचा फॉन्ट खासगी. एक्स्प्लोरर सोडून दुसरीकडे पान उघडलं तर मथळ्याच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिमा दिसायचा. फायरफॉक्ससाठी 'पद्मा' नावाचं एक ॲड-ऑन होतं, ते हा खिमा युनिकोडमध्ये फिरवून वाचण्याजोगा करायचं. पद्माचं नाव निघालं की काकाजींचा आवाज अजून खाली येतो.

पण काकाजींना कायमचं जिंकलं ते भारनियमनाने. ते स्वतः वीज खात्यात नोकरीला. त्यामुळे लाइट कधी जाणार हे त्यांना इतरांच्या आधी कळायचं; कधी येणार, हे त्यांनाही सांगता यायचं नाही. ऑक्टोबर २००६ मध्ये दुसरी आवृत्ती आली आणि तिच्यात एक नवी सोय होती: ब्राउझर अचानक बंद पडला तर पुन्हा उघडल्यावर आधीचे सगळे टॅब परत मिळायचे. अमेरिकेत कुणीतरी प्रोग्रॅम गोठण्याच्या भीतीने केलेली ही व्यवस्था वऱ्हाडात एखाद्या सरकारी योजनेपेक्षा जास्त घरांत उपयोगी पडली असेल. काकाजी ती अजून हातवारे करून सांगतात. "लाइट गेली, पीसी धाडकन बंद. दोन घंट्यानं आली. मी भीत भीत उघडलं, तं सारे टॅब जसेच्या तसे बसून हायेत! मुलीच्या बारावीचा निकाल त्यातच होता. घरातल्या पोट्ट्यायले सकाळचं सांगितलेलं संध्याकाळी आठवत नाई बाप्पा."

दिवाणखान्यात एक फ्रेम आहे. १७ जून २००८ ला तिसरी आवृत्ती आली तेव्हा फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलावाल्यांनी चोवीस तासांत सर्वांत जास्त डाउनलोडचा विक्रम करायचं ठरवलं होतं. ८० लाखांवर डाउनलोड झाले, गिनेसमध्ये नोंद झाली, आणि डाउनलोड करणाऱ्याला स्वतःचं नाव घातलेलं प्रमाणपत्र छापून घेता येत होतं. काकाजींनी ते रंगीत प्रिंट काढून मढवलं. लग्नाचा फोटो त्या भिंतीवरून शेजारच्या भिंतीवर गेला. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर लोणी ते माना दरम्यान एका पदराचा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकल्याची गिनेसने नोंद घेतली. सगळा जिल्हा त्या विक्रमाने फुगला असताना काकाजी एवढंच म्हणाले, "आमच्या घरात चौदा वर्षांपासून हाये एक."

मग २०११ उजाडलं. मार्चमध्ये चौथी आवृत्ती आली. तिने खालची स्थितिपट्टी काढली, मेनूची ओळ गुंडाळून कोपऱ्यातल्या नारिंगी बटणात घातली आणि टॅब वर नेऊन बसवले. एवढ्यावर काकाजींनी आठवडाभरात समझोता केला असता. पण मोझिलाने त्याच वर्षी ठरवलं की आता दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती काढायची. जूनमध्ये पाचवी आली, डिसेंबरात नववी. "पोट्टं मार्चात चौथीत होतं, डिसेंबरात नववीत गेलं, अन् पाढे अजून येत नाईत! कोन्या शाळेत घातलं याले?" हे वाक्य काकाजींनी त्या वर्षी इतक्यांदा म्हटलं की काकू ते पाहुण्यांना आधीच सांगून टाकत. २०२० पासून तर आवृत्ती चार-चार आठवड्यांनी येऊ लागली. आकडा शंभराच्या पुढे गेला तेव्हा काकाजींनी वर्ग मोजणं सोडलं.

पुढच्या दुःखांची यादी ते सनावळीसह देतात. २०१४ ला टॅबना बाक आला. २०१७ च्या नोव्हेंबरात ५७ व्या आवृत्तीने आतलं बरंच इंजिन बदललं, वेग खरंच वाढला, पण जुन्या पद्धतीची सगळी ॲड-ऑन एका रात्रीत मेली. वेग वाढल्याचं ते मान्य करतात, पण "पळाले लागलं खरं" यापलीकडे नाही.

जून २०२१ चा प्रसंग मी समोर बसून पाहिला. ८९ वी आवृत्ती आली होती. टॅब पट्टीपासून सुटून हवेत तरंगत होते, सगळं जाडजूड झालं होतं आणि आटोपशीर मांडणीचा पर्याय मेनूतून गायब होता. बाहेर पारा उतरायचं नाव घेत नव्हता, कूलर पाण्यापेक्षा आवाजच जास्त फेकत होता, आणि काकाजी बनियनवर, चष्मा कपाळावर चढवून पत्त्याच्या पट्टीत 'अबाऊट कॉन्फिग' टाइप करत होते. ही ब्राउझरची माजघरातली खोली. साध्या माणसाला तिकडे फिरकू देत नाहीत. पूर्वी तिच्या दारात इशारा यायचा की आत गेलात तर वॉरंटी संपू शकते, आणि पुढे जायचं तर 'मी काळजी घेईन, वचन देतो' अशा अर्थाचं बटण दाबावं लागे. फुकटच्या मालाची वॉरंटी! तरी काकाजी ते बटण दाबताना खरोखर मान डोलवायचे. आता तिथे धोका पत्करून पुढे जा, असा कोरडा मजकूर आहे. "आधी वचन मागे तरी. आता तेही नाई," असं म्हणून ते आत शिरले. हजारो ओळींच्या यादीतून हवी ती ओळ काढली, 'फॉल्स'चं 'ट्रू' केलं, आणि आटोपशीर मांडणी परत आली. टॅबची उंची बोटभरही कमी झाली नसेल. काकाजींनी मात्र काकूंना हाक मारून दाखवली, काकूंनी पोळपाटावरून मान न वळवता "छान झालं" म्हटलं.

पॉकेटचं प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण ते मोझिलानेही थोडक्यातच आटोपलं. लेख वाचायला जपून ठेवण्याची ही सेवा २०१५ मध्ये कुणी न विचारता ब्राउझरात घातली. काकाजी म्हणाले, "कोनं सांगतलं होतं?" दहा वर्षांनी, ८ जुलै २०२५ ला ती बंद केली. काकाजी म्हणाले, "कोनं सांगतलं होतं?" मधल्या काळात ते तिच्यात शेगावच्या आनंदसागरपासून कपाशीच्या बोंडअळीपर्यंत सगळं साठवत होते.

या आगीत तेल ओततात ते त्यांचे अकोल्याचे साडभाऊ. त्यांचं ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे: सातबारा, पीक विमा, महाडीबीटी, पोराच्या प्रवेशाचे कागद. जुलैच्या शेवटी दुकानाबाहेर शेतकऱ्यांची रांग, आत ओटीपीची वाट. असा माणूस ब्राउझरवर प्रेम करत नाही. एके काळी सरकारी साइटवर एक्स्प्लोरर वापरा म्हणून लिहिलेलं असे, तेव्हा ते एक्स्प्लोररवर होते. आता क्रोमवर आहेत. रविवारी दुपारी दोघांचा फोन स्पीकरवर चालतो.

"साडभाऊ, पोर्टल क्रोमात उघडते, आपन क्रोमात बसतो. उद्या कढईत उघडलं तं कढई घेऊन बसू."

"तुमच्या क्रोमनं जाहिराती अडवनारं ते चांगलं ॲड-ऑन बंद पाडलं नं जी? आमच्यात अजून चालते."

"चालू द्या. पन शंभरात दोन-तीन लोक वापरतात तुमचा कोल्हा. अन् त्याले खाऊ-पिऊ कोन घालते? गूगलच नं?"

हे खरं आहे. मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा गूगलकडून येतो, ब्राउझरात आधीपासून गूगलचाच शोध लावलेला असावा म्हणून. फोनवर थोडा वेळ फक्त अकोल्याच्या पंख्याची घरघर ऐकू आली. मग काकाजी म्हणाले, "पैसे त्याइचे असतीन साडभाऊ. शिव्या तं आमच्या हायेत नं!"

साडभाऊंपुढे हा बाणा, पण घरात मात्र झडती सुरूच. फेब्रुवारी २०२५ मध्ये मोझिलाने वापराच्या अटी आणल्या आणि 'तुमची माहिती आम्ही कधीच विकणार नाही' हे जुनं आश्वासन पानावरून काढलं. काकाजींनी त्या अटींची प्रिंट काढली, लाल पेनाने खुणा केल्या. जगभर ओरड झाल्यावर मोझिलाने अटींचा मजकूर बदलला. काकाजींनी नवी प्रिंट जुनीला टाचली. फाईल अजून आहे. त्याच वसंतात उभे टॅब आले, टॅबचे गट आले. गट त्यांना आवडले, हे मला काकूंकडून कळलं. उजव्या क्लिकवर चॅटबॉटला विचारा अशी ओळ दिसू लागली तेव्हा मात्र ते खुर्चीतून उठले. "मी कोनाले काही इचारलं काय? मले इचारायचं असन तं मी साडभाऊले इचारतो, तो चुकीचं सांगते पन फोन तं उचलते." पुढे फेब्रुवारी २०२६ मध्ये सगळं एआय एका खटक्यात बंद करायची सोय १४८ व्या आवृत्तीत दिली. काकाजींनी पहिल्याच दिवशी खटका ओढला. संध्याकाळी तक्रार तयार होती: खटका सेटिंगच्या पोटात काऊन लपवला?

माझं स्पष्ट मत असं, की काकाजींच्या तक्रारी निम्म्याहून जास्त बरोबर असतात. चालत्या गोष्टीची जागा बदलायची आणि तिला सुधारणा म्हणायचं, ही खोड संगणकवाल्यांना आहेच. उरलेल्या तक्रारी केवळ सवयीच्या. पण त्या दोन्हींतला फरक काकाजींना विचारण्याची हिंमत मी केलेली नाही.

त्यांच्या पुण्याच्या भाच्याने केली. दिवाळीत आला होता. ऐन शेवटच्या तारखेला लाइटबिल भरताना ब्राउझरने नवा टॅब उघडायला नकार दिला आणि माफ करा, पुढे जायला एक छोटीशी गोष्ट करायची आहे, आधी पुन्हा सुरू करा, असा निरोप दाखवला. काकाजी जे बोलले ते इथे छापता येत नाही. भाच्याने शांतपणे क्रोम टाकून दिलं, बिल भरून दिलं, म्हणाला, "इतका त्रास होतो तर आता हेच वापरा मामा." रात्री अकराला मी गच्चीवरून पाहिलं, काकाजींच्या खोलीत दिवा होता. सकाळी क्रोम नव्हतं. भाच्याशी ते परतीच्या गाडीपर्यंत फक्त हवामानावर बोलले.

तेव्हा गाडगेनगरात आलात तर काकाजींकडे जरूर जा, गिलावडा खा, ती फ्रेम पाहा. फक्त "कोणता ब्राउझर चांगला?" असं विचारू नका. विचारायचंच असेल तर बडनेऱ्याहून तुमची गाडी सुटायला निदान तीन तास आहेत ना, तेवढं आधी पाहून घ्या.