चौदा वाटेकरी आणि एक टोस्ट

नागोयातल्या पहिल्याच सकाळी जावयाने आम्हाला कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात नेलं. मागवल्या तीन कॉफ्या. आल्या तीन कॉफ्या, लोणी चोपडलेले बोटभर जाडीचे टोस्ट आणि उकडलेली अंडी. बिलात मात्र नुसती कॉफी.

"इथे सकाळी असंच असतं, बाबा. याला 'मॉर्निंग'च म्हणतात. कॉफीबरोबर हे सगळं फुकट."

'फुकट' शब्द कानी पडताच मी टोस्ट खाली ठेवला. बायकोने पर्स टेबलावरून उचलून मांडीवर घेतली. "अहो, फोन नंबर देऊ नका हं कुणाला," ती कुजबुजली.

जावयाला कळेना. त्याचं लग्न नंतरचं. त्याआधी पुण्यातल्या एका मॉलमध्ये आम्ही एक चिठ्ठी भरली होती आणि 'लकी कपल' ठरलो होतो. बक्षीस म्हणून मोठ्या हॉटेलात फुकट जेवण. जेवणाआधी 'फक्त पंधरा मिनिटांचं' प्रेझेंटेशन, ते चाललं तीन तास. पनीर पानात पडेपर्यंत मी पंचवीस वर्षांसाठी टाइमशेअरचा मेंबर, म्हणजे दरवर्षी सात रात्रींचा मालक झालो होतो. तेवढ्या पैशात त्या हॉटेलात आम्ही वर्षभर जेवलो असतो.

त्यानंतर सुरू झाला फोनचा प्रवास. मे महिना मागितला की पलीकडून मंजुळ आवाज यायचा, "सर, त्या ब्लॅकआउट डेट्स आहेत, अव्हेलॅबिलिटी नाही." मग आहे कधी? "सर, जुलैत महाबळेश्वर आहे ना!" जुलैतल्या महाबळेश्वरात खिडकीतून जे धुकं दिसतं, ते घरी चष्मा काढला तरी दिसतं.

मी जन्मभर बँकेत काढला, तरी हिशोब कळायला चार वर्षं गेली. आपण खोली विकत घेतलेलीच नसते. घेतलेली असते रांगेतली जागा. मेंबरशिपला चिकटवलेला सीझनचा रंग फक्त एवढंच सांगतो, की कुठल्या रांगेत उभं राहायची तुम्हाला परवानगी आहे. खोलीचे आठवडे ५२. पण महाराष्ट्रातल्या शाळांच्या सुट्ट्यांचे धरले तर जेमतेम आठ-दहा, आणि पोरंबाळं असलेला प्रत्येक मेंबर त्यांच्यावरच टपलेला. बुकिंगची खिडकी काही महिने आधी उघडते आणि गणपतीतल्या कोकण रेल्वेसारखी बघता बघता बंद होते. आपला आठवडा 'एक्स्चेंज'मध्ये टाकून दुसरीकडचा घेता येतो म्हणतात. येतोही. पण टाकाल तसा मिळेल. जुलैचं महाबळेश्वर टाकून नाताळातलं पॅरिस मागणं म्हणजे शिळी भाकरी देऊन बासुंदी मागणं. देखभालीच्या वार्षिक वर्गणीला मात्र अव्हेलॅबिलिटीची अडचण कधीच येत नाही. ती दरवर्षी पहिल्या फटक्यात कन्फर्म.

टोस्ट संपला. कुणी फॉर्म घेऊन आलं नाही. मी दोनदा मागे वळून पाहिलं.

दुपारी किल्ला बघायला गेलो. टोकुगावा इएयासूने बांधवलेला, छपरावर वाघाचं तोंड आणि माशाचं अंग असलेली सोन्याची जोडी. मूळ बुरूजवाडा १९४५ च्या बॉम्बवर्षावात जळाला, १९५९ मध्ये काँक्रीटचा नवा उभा राहिला. आम्ही उत्साहाने दाराशी गेलो, तर आत प्रवेश बंद. भूकंपाच्या धक्क्यात टिकेल याची खात्री नाही, म्हणून २०१८ पासून बंदच आहे. शेजारचा राजवाडा लाकडात पुन्हा बांधून उघडलाय, तो पाहिला. भिंतीभिंतींवर सोनेरी वाघ आहेत. पण बायकोचं लक्ष त्या बंद दाराकडे. "इथेही ब्लॅकआउट डेट?"

दुसऱ्या दिवशी आत्सुता देवस्थान. इथे कुसानागी नावाची पवित्र तलवार आहे, जपानच्या सम्राटपदाच्या तीन राजचिन्हांपैकी एक.

"कुठे आहे?" मी विचारलं.

"आत आहे. पण दाखवत नाहीत. कुणालाच."

बायकोने मनोभावे हात जोडले. "म्हणजे आपल्या मेंबरशिपसारखीच. आहे, पण दिसत नाही."

आमच्या मेंबरशिपचा किस्सा जावयाने संध्याकाळी शेजारच्या आजोबांना सांगितला. ते पोट धरून हसले, आत गेले आणि एक कॅलेंडर घेऊन आले. ते स्वतः एका खोलीचे वाटेकरी निघाले! नागोयात १९७३ साली स्थापन झालेल्या रिसॉर्टट्रस्ट कंपनीची 'एक्सिव' नावाची हॉटेलं आहेत. नावातच हिशोब दडलाय: एक्स, आय, व्ही म्हणजे रोमन आकडा चौदा. एका खोलीचे चौदा मालक, प्रत्येकाला वर्षाला २६ रात्री. आणि कुणाची रात्र कुठली, हे कॅलेंडरवर आधीच वाटून दिलेलं. शनिवार-रविवारही पाळीपाळीने फिरतात. आपली रात्र नको असेल तर ती सामायिक साठ्यात ठेवायची आणि दुसरी मागायची.

मी कागद-पेन्सिल काढली. चौदा गुणिले सव्वीस, ३६४.

"उरलेला एक दिवस कुणाचा?" बायकोने तत्काळ विचारलं. "आपल्याला मिळतो का विचारा."

जावयाने भाषांतर केलं. आजोबांनी एवढ्या गंभीरपणे मान झुकवली, की प्रश्न त्यांच्यापर्यंत नीट पोचला की नाही, याची मला आजही शंका आहे.

"मग हव्या त्या तारखा मिळतात का?" मी मुद्द्यावर आलो.

आजोबांनी श्वास आत ओढला. दातांतून 'स्स्स' असा आवाज आला. जपानी माणूस 'नाही' म्हणत नाही, तो असा श्वास घेतो. गोल्डन वीक, म्हणजे एप्रिलअखेर ते ५ मेपर्यंतच्या सुट्ट्या, ऑगस्टातला ओबोन सण आणि नवं वर्ष. या तीन वेळी सगळा जपान एकदमच सुट्टीवर निघतो. चौदाच्या चौदा जणांना तेव्हाच यायचं असतं. "फेब्रुवारीतला मंगळवार मात्र हवा तेव्हा," ते म्हणाले. "तोबाच्या एक्सिवमध्ये. समुद्र दिसतो. वाराही फार असतो."

म्हणजे जुलैचं महाबळेश्वरच, फक्त कॅलेंडर छापील.

पण या माणसाची तक्रार काहीच नव्हती. त्याला पाळी ठाऊक होती, इतकाच फरक. रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं, की पाळी तर आम्हालाही ठाऊक होती! आजोळच्या विहिरीवर मोटेची पाळी भावाभावांत वाटलेली असायची. देवळात पूजेची पाळी असते. आणि कोकणातलं आमचं वडिलोपार्जित घर? अकरा चुलतभावंडं, खोल्या चार. प्रेझेंटेशन नाही, सीझनचे रंग नाहीत. रंग फक्त आंब्याला. जगातली सगळ्यात जुनी टाइमशेअर आमच्याच घरात होती आणि मी पनीर खाऊन दुसरी घेतली!

मी तिथल्या तिथे चुलतभावाला मेसेज टाकला: "येत्या मेमध्ये आठ दिवस येतो."

जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, त्यामुळे तो जागाच होता. उत्तर लगेच आलं.

"मे फुल्ल आहे. ओटीसुद्धा. जुलैत ये. घर कुठे कुठे गळतं ते तरी कळेल."