कितवीत आहेस रे?

लहान मुलाशी ओळख करून घ्यायची आपल्याकडे ठरलेली रीत आहे. आधी नाव, आणि पाठोपाठ "कितवीत आहेस?" माझी तिन्ही नातवंडं या दुसऱ्या प्रश्नाला अडतात, कारण ती शाळेत जात नाहीत. थोरली तेरा वर्षांची. "आम्ही घरीच शिकतो," असं ती सांगते आणि समोरच्याचा चेहरा एकदम कनवाळू होतो. बिचाऱ्यांची फी थकली असावी. मधला नऊचा. तो म्हणतो, "मी सगळ्याच इयत्तांत थोडा थोडा आहे." लोक हसतात, पण पोरगं खरं बोलतं. गणितात तो सहावीला पोचलाय आणि शुद्धलेखनात दुसरीतून हलायला तयार नाही. पाच वर्षांचं शेंडेफळ सरळ उलटा प्रश्न टाकतं, "तुम्ही कितवीत?"

माझी हयात शाळामास्तरकीत गेली, शेवटची वर्षं मुख्याध्यापकाच्या खुर्चीत. त्यामुळे मुलानं आणि सूनबाईंनी हा बेत सांगितला तेव्हा घरातले सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी एवढंच विचारलं, "वह्या कुणी तपासायच्या?" त्या दिवसापासून मीच तपासतो. नातेवाइकांची काळजी वेगळी आहे. त्यांना दहावीचं काय, सतरा नंबरचा फॉर्म भरणार का, हे आत्ताच कळायला हवं असतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या दहावीला चौदा वर्षं पूर्ण लागतात, हे एक वाक्य मी पाठ करून ठेवलंय. ते ऐकलं की निदान चहा येईपर्यंत शांतता असते.

खरा प्रश्न साहित्याचा. शाळेत तो प्रश्न पडतच नाही. जून उजाडला की पुस्तकांचे गठ्ठे येतात आणि दोरी कापायला शिपाई असतो. घरी तो रोज पडतो, आणि तोही टंचाईमुळे नाही. बालभारतीची सगळी पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. 'किशोर' मासिक १९७१ साली निघालं, त्याचे जुने अंक बसल्या जागी वाचता येतात. अरविंद गुप्तांनी तर हजारो पुस्तकं लोकांसाठी खुली करून ठेवली आहेत, त्यात मराठी भरपूर. आमचे चिरंजीव हे सगळं भक्तिभावानं उतरवून घेतात. पुस्तक उतरवून घेतलं की ते वाचल्याचं निम्मं पुण्य लागतं, अशी त्यांच्या पिढीची श्रद्धा दिसते.

त्यात विकतचे खोके. प्रत्येकावर वय छापलेलं: ५ ते ७, ८ ते १०, १२ च्या पुढे. तीन मुलं म्हणजे तीन खोके, तीन कोपरे आणि आई एकच. बरं, खोक्यावरचं वय मुलं मानत नाहीत. शेंडेफळाला थोरलीचाच खोका हवा, आणि थोरली गुपचूप धाकटीचे ठोकळे रचत बसते.

माझ्या नोकरीची सुरुवात एकशिक्षकी शाळेत झाली. पहिली ते चौथी एका खोलीत, समोर एकटा मी. तिथे चार इयत्तांना चार विषय दिले तर दुपारपर्यंत घसा बसायचा. म्हणून चिंचोके एकच ठेवायचे. पहिलीनं ते मोजायचे, दुसरीनं दहादहाचे ढीग करायचे, चौथीनं त्यांचाच भागाकार मांडायचा. सूनबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बाबा, याला इंग्रजीत मोठं नाव आहे." असेल. आमच्याकडे चिंचोके होते.

तेव्हापासून घरात येणाऱ्या वस्तूला माझी एकच परीक्षा असते: तिघांनाही पुरते का? फार थोड्या वस्तू पास होतात. सायकलची व्हॉल्व ट्यूब पहिल्या नंबरानं पास झाली. ती काडीला जोडायची युक्ती अरविंद गुप्तांची, त्यांच्या होशंगाबादच्या दिवसांतली. दुकानात हातभर ट्यूब मागितली तर दुकानदार म्हणाला, "काका, सायकली किती आहेत तुमच्याकडे?" घरी आणून तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे केले, तुकड्याच्या दोन्ही तोंडांत गुल काढलेल्या काड्या खुपसल्या. शेंडेफळानं त्रिकोण केला, चौकोन केला आणि दोन्ही माझ्या चष्म्यावर टेकवून पाहिले. मधल्यानं चौकोन दाबला तर तो पतंगासारखा कलला. त्रिकोण दाबला, तो हलेना. पुन्हा दाबला. मग त्यानं चौकोनात एक काडी तिरकी घालता येते का पाहिलं. ती आखूड पडली. किती आखूड, यावर थोरली कागद घेऊन बसली आणि तिला पायथागोरस भेटला. संध्याकाळी फिरायला गेलो तेव्हा गोदामाच्या पत्र्याखालच्या कैच्या बघत तिघं रस्त्यात उभी. मागचा रिक्षावाला जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसरी पास झालेली वस्तू म्हणजे भिंतीवरचं कालनिर्णय. शेंडेफळ त्यात तांबडे वार शोधतं. थोरलीला तिथीनं वेड लावलंय. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते, चंद्राची चाल सारखी नसते, म्हणून तिथी कधी लांबते, कधी आखडते. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणजे दरवर्षी अकरा दिवसांची उधारी. ती साधारण तीन वर्षांत महिनाभर साचली की अधिक मास येतो: २०२३ ला श्रावण, २०२६ ला ज्येष्ठ. आमच्या सौभाग्यवतींना त्यात फक्त जावयाचं वाण दिसत होतं. आता त्याही अंश मोजतात.

मधला त्याच पानावर दुधाचा हिशेब करतो. मागच्या महिन्याला दोन खाडे, एकोणतीस दिवस, रोज दीड लिटर. तो कागदावर गुणाकार मांडत होता. ही कणीक मळता मळता म्हणाली, "एकोणतीस दीड साडेत्रेचाळीस." पोराचा पेन्सिलीचा हात थांबला. "आजी, हे कुठे लिहिलंय?"

लिहिलेलं होतं. आमच्या लहानपणीच्या अंकलिपीत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी सगळं होतं, आणि ते एका सुरात म्हणताना गल्लीतल्या कुत्र्यांनाही पाठ झालं असावं. कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी अंकलिपी आणली. कागद गुळगुळीत, सफरचंद लालभडक, पाढे तीसपर्यंत येऊन संपले. दीडकीचा पत्ता नाही. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "कितवीला असतं ते?"

तेव्हा वाचकहो, माळ्यावरच्या ट्रंकेत जुनी अंकलिपी सापडली तर रद्दीत घालू नका. पानं सुटी असतील तरी चालतील, फक्त अडीचकीचं पान शाबूत असावं. टपालखर्च मी देईन.