सत्त्याऐंशीव्या हिश्शाचा कारभार

रेल्वेचे स्थानक बांधावयाचे म्हटले म्हणजे प्रथम भूसंपादन करावे लागते. आणि माझ्या बाबतीत ती भूमी म्हणजे आमच्या जेवणघरातील भिंतीलगतचे सहा फुटी मेज असल्यामुळे, त्यावरील मूळ कब्जेदारांच्या, म्हणजे लोणच्याच्या बरण्या, पापडांचे डबे आणि इस्त्रीला जाणारे कपडे यांच्या वतीने आमच्या कुटुंबाने ज्या हरकती दाखल केल्या, त्यांची सुनावणी होईपर्यंत एक सबंध पावसाळा निघून गेला.

रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती करण्याच्या या छंदाचे सर्वाधिक प्रचलित प्रमाण साडेतीन मिलिमीटरांस एक फूट, म्हणजे मूळ वस्तूचा सत्त्याऐंशीवा हिस्सा. ज्या मापाचा बाप फ्रेंच आणि आई विलायती, त्याच्याकडून सरळ वर्तनाची अपेक्षा करणे व्यर्थ होय. इंग्रजांनी तर याहीपुढे मजल मारली. त्यांची एंजिने अंगाने किरकोळ. त्यांच्या पोटात सुरुवातीच्या काळची विजेची मोटर मावेना. तेव्हा त्यांनी एंजिने आणि डबे चार मिलिमीटरांस एक फूट अशा वाढत्या मापाने घडविले आणि रुळांतील अंतर मात्र पूर्वीचेच, साडेसोळा मिलिमीटर, कायम ठेवले. ते खरे पाहता १८.८३ मिलिमीटर असावयास हवे, असे मानणारा एक कर्मठ पंथ त्या देशात असून, स्वतःचे रूळ स्वतः घडविणे हे त्याचे नित्यकर्म आहे. साम्राज्य गेल्याचे दुःख त्या लोकांनी इतक्या धीराने कसे सोसले, याचे रहस्य मला या सुमारे सव्वादोन मिलिमीटरांच्या वादात सापडते.

आपल्याकडील मोठ्या मार्गाच्या रुळांतील अंतर १६७६ मिलिमीटर. सत्त्याऐंशीने भागले असता ते एकोणीस मिलिमीटरांहून थोडे अधिक भरते, आणि बाजारात मिळतात ते साडेसोळाचे रूळ. म्हणजे मुंबईचे स्थानक पुठ्ठ्याचे केले तरी त्यापुढील लोहमार्ग परमुलखातलाच राहणार! या धर्मसंकटातून मला बार्शी लाइट रेल्वेने सोडविले. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत आणलेली आणि १९०६ साली पंढरपुरास पोहोचलेली ही गाडी अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरांच्या मार्गाची होती; त्या अंतराचा सत्त्याऐंशीवा हिस्सा पावणेनऊ मिलिमीटर, आणि बाजारात नऊ मिलिमीटरांचे रूळ तयार मिळतात. उरलेला पाव मिलिमीटर पांडुरंगचरणी अर्पण. या कॅलथ्रॉपसाहेबाने पुढे अरबी घोड्यांची पैदास केली आणि विमानातून उडी घेणाऱ्यांसाठी हवाई छत्रीही शोधून काढली. तेव्हा बार्शीसारख्या ठिकाणी रेल्वे नेण्याचे साहस त्याच्या प्रकृतीला धरूनच होते.

मजकडे या मार्गाला शोभेल अशा एका लहानशा स्थानकाच्या जुन्या नकाशाची प्रत आली, ती एक इंचास आठ फूट, म्हणजे शहाण्णवाव्या हिश्शाच्या प्रमाणात. ती शेकडा दहाने वाढविली की काम भागते, म्हणून मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो.

“काका, घराचा प्लॅन का? कॉर्पोरेशनला द्यायचा असेल तर जादा कॉप्या काढून ठेवा.”

“घर नव्हे, स्टेशन.”

“रेल्वेचं? मग तर आणखीच लागतील.”

नकाशा हाती आल्यावर माझा असा समज होता की, इमारत सत्त्याऐंशीव्या हिश्शाची म्हणजे तिचा तापही तितक्याच हिश्शाचा. अनुभव उलट आहे. भिंत दीड फूट जाडीची, दगडी, चुन्यातली, असे नकाशा फर्मावतो. म्हणजे पुठ्ठे एकावर एक चिकटवून सव्वापाच मिलिमीटर जाडी साधणे आले. मग शाई संपलेल्या बॉलपेनाच्या टोकाने त्यावर एकेक दगड उठवावयाचा, आणि तो असा की खालच्या थराचा सांधा वरच्या थराच्या सांध्याखाली येता कामा नये. कारण गवंड्याची ती चूक खऱ्या भिंतीत गिलाव्याखाली झाकली जाते, पुठ्ठ्यावर मात्र पाहुण्यांना चहा पिता पिता दिसते. मंगलोरी कौल या मापात पाच मिलिमीटरांहूनही आखूड होते. कौले सुटी चिकटविण्याचा संकल्प सोडून मी कागदाच्या पट्ट्या कातरल्या, वळचणीपासून आढ्याकडे रांगेवर रांग चढवीत गेलो, आणि शेवटच्या रांगेला पंखा कोणी लावला याची चौकशी घरात अद्याप चालू आहे.

याच छंदातील, ऑस्ट्रेलियातून १९२५ साली विलायतेत आलेल्या रॉय इंग्लंड या गृहस्थाने तिकडची जुनी खेडी नाहीशी होताना पाहून त्यांतील घरांची मापे घेतली, ती घरे पुठ्ठ्यात उतरविण्यात आयुष्य वेचले, आणि १९५४ साली त्यासाठी पेंडन नावाचे संग्रहालय उभे केले. त्याच्याविषयी मला नितांत आदर आहे. परंतु विलायतेत पाली नव्हत्या. आमच्या मालधक्क्यावर एक पाल रात्रपाळीला असते. ती चार-पाच इंच लांब, म्हणजे स्थानकाच्या मापाने सुमारे दहा मीटर भरते, आणि असला ऐवज धक्क्यावर पसरलेला असता तेथे कोणता हमाल काम करील?

बांधकाम आटोपल्यावर मी शेजारच्या सेवानिवृत्त स्टेशनमास्तरांना मुआयन्यासाठी बोलाविले. त्यांनी चष्मा पुसून, खाली वाकून, तिकीटखिडकीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सर्व दृष्टीखालून घातले.

“मुतारी कुठाय?”

“नकाशात नाही, मास्तर.”

“नकाशात नसेल हो. पॅसेंजरला लागते.”

मी नकाशा पुन्हा उलगडला. कोपऱ्यात, रबरी शिक्क्याच्या शाईखाली, बारीक अक्षरांत सूचना होती की, शौचकूप व मुतारी यांच्या तपशिलासाठी पत्रक क्रमांक दोन पाहावे. हे दुसरे पत्रक माझ्याकडे नाही. ज्यांनी पहिले दिले त्यांच्याकडेही नाही. आणि ज्या कचेरीतून ते निघाले तिकडे पाठविलेल्या माझ्या अर्जावर, तो योग्य त्या शाखेकडे वर्ग केल्याचे उत्तर आले आहे. अंदाजपंचे मुतारी उभारण्यास मास्तर तयार नाहीत. छत्तीस वर्षे नियमाने गाड्या सोडलेला माणूस. त्याला आडोसा चालत नाही.

तेव्हापासून ते मला लेखी स्मरणपत्रे पाठवितात, आणि मीही जावक क्रमांक घालून उत्तरे देतो. त्यांच्या ताज्या पत्रात, उपरोक्त सोय होईपर्यंत सदर स्थानकावरून कोणतीही गाडी सोडण्यात येऊ नये, असा सक्त हुकूम आहे. त्याचे मी निमूटपणे पालन करीत आहे. गाडी अद्याप विकत घेतलेली नाही, ही बाब मी त्यांच्या निदर्शनास आणलेली नाही.